क्रँक पुलीचा जाम बोल्ट : ताकदीपेक्षा पकड महत्त्वाची

टायमिंग बेल्ट बदलायचा असो, क्रँकचे पुढचे ऑईल सील गळत असो किंवा ऑईल पंप उघडायचा असो, मोटार कारागिराची गाठ एका बोल्टाशी हमखास पडते. क्रँकशाफ्टच्या टोकाला पुली धरून ठेवणारा हा मधला बोल्ट. बाकीचे काम दोन-तीन तासांत उरकते आणि या एका बोल्टापायी सारा दिवस जातो. पाना घसरून हात सोलवटतात, गोटी फुटते, बोल्टाचे डोके गोल होते आणि शेवटी ग्राहकाला "गाडी नागपूरला न्या" असे सांगण्याची वेळ येते. त्या दिवशीची मजुरी तर जातेच, पण ग्राहकही कायमचा तुटतो.

उमरेडसारख्या गावात ही गोष्ट लहान नाही. नागपूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवरच्या या तालुक्याच्या गावाभोवती वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उघड्या कोळसा खाणी आहेत. खाणीच्या रस्त्यांवरची धूळ, उन्हाळ्यात ४५ अंशांकडे जाणारा पारा आणि पावसाळ्यातला चिखल, हे सारे येथील गाड्या सोसतात. खाणीत माणसे पोहोचवणाऱ्या जीपा, भिवापूरकडची मिरची वाहणारे टेम्पो, कऱ्हांडल्याच्या जंगलात पर्यटकांना नेणाऱ्या जिप्सी, आणि ज्यांचे उत्पादन २०१४ मध्ये बंद झाले त्या जुन्या मारुती ८०० सुद्धा गावच्या गॅरेजांत येतात. नागपूर-नागभीड छोटी रेल्वे रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली, तेव्हा प्रवाशांचा भारही रस्त्यावर आला. अशा गाडीचा मालक एक दिवस गाडी उभी राहिली तरी त्या दिवसाच्या कमाईला मुकतो. म्हणून हा बोल्ट कसा सोडवावा याचे शास्त्र आमच्या कारागीर बांधवांपुढे नीट मांडावे, असे आम्हाला वाटते.

बोल्ट इतका घट्ट का असतो?

पुष्कळांचा समज असा की पुलीला क्रँकशी जोडून ठेवते ती चावी. वास्तविक बहुतेक इंजिनांत चावीचे मुख्य काम पुली योग्य जागी बसवणे एवढेच असते. इंजिनाचे हिसके पेलते ते बोल्टाच्या दाबातून निर्माण होणारे घर्षण. म्हणूनच हा बोल्ट मुळातच फार घट्ट आवळलेला असतो. लहान गाड्यांत हा आकडा १०० न्यूटन-मीटरच्या आसपास, तर काही मोठ्या इंजिनांत ३०० च्याही पुढे जातो. जुने मिस्त्री किलो-मीटरमध्ये बोलतात. एक किलो-मीटर म्हणजे सुमारे १० न्यूटन-मीटर, हे लक्षात ठेवले की हिशेब सोपा होतो.

बोल्ट आवळताना लावलेल्या जोराचा सुमारे नऊ-दशांश भाग घर्षणातच खर्च होतो. त्यातला निम्म्याहून अधिक वाटा डोक्याखालच्या बैठकीत आणि उरलेला आट्यांत. बोल्ट ताणण्याच्या कामी येतो तो जेमतेम एक-दशांश. आता त्या बैठकीवर गंज चढला, कोळशाची धूळ आणि तेल मिळून राप बसला किंवा आट्यांत कोणी चिकट लॉक लावून ठेवले, की घर्षण आणखी वाढते. त्यामुळे आवळताना लागला त्याच्या दीडपट-दुप्पट जोर सोडवताना लागला तरी नवल नाही. तात्पर्य, बोल्ट हट्टी नसतो. आपण लावलेला जोर त्याच्यापर्यंत पोहोचत नसतो. तो वाटेत कोठे मुरतो, हे शोधणे हेच कारागिराचे काम.

आधी दिशा आणि पुस्तक पाहावे

पाना लावण्यापूर्वी त्या गाडीचे दुरुस्ती पुस्तक पाहावे. बहुतेक गाड्यांत या बोल्टाचे आटे सरळ असतात, म्हणजे पुलीच्या बाजूने पाहिले असता तो घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. पण फियाटच्या काही डिझेल इंजिनांत तो उलट्या आट्याचा असतो. अशा बोल्टावर नेहमीच्या दिशेने पाइप लावून दोन माणसे लटकली, तर तो सुटण्याऐवजी आवळतो आणि अखेर तुटतो.

दुसरी गोष्ट चावीची. फोर्डच्या काही इंजिनांत क्रँकच्या दात्याला चावीच नसते. तो केवळ दाबाने धरलेला असतो. तेथे बोल्ट ढिला केला की टायमिंग गेले. अशा इंजिनाला हात लावण्यापूर्वी क्रँक आणि कॅमशाफ्ट दोन्ही जागी ठेवणारी खास हत्यारे जवळ असलीच पाहिजेत. मात्र ती हत्यारे टायमिंग जागेवर ठेवण्यासाठी असतात, बोल्टाचा जोर पेलण्यासाठी नव्हे. टायमिंगच्या पिनांवर भार टाकून बोल्ट सोडवू गेल्यास पिन मोडते किंवा कॅमशाफ्टला इजा होते.

क्रँक धरणे हेच खरे काम

बोल्ट फिरवताना क्रँकही सोबत फिरू लागते. ती पक्की धरली नाही तर शंभर माणसांचा जोरही वाया जातो. शिवाय इंजिन उलटे फिरले तर बेल्टचा किंवा चेनचा ताण ढिला होऊन दाते उडण्याचा धोका असतो. म्हणून आधी पकड, मग पाना.

सर्वात प्रचलित पद्धत म्हणजे गाडी गिअरमध्ये टाकून कोणाला तरी ब्रेकवर पाय देऊन बसवणे. ही पद्धत वाईट नाही, पण तिची मर्यादा कळली पाहिजे. गिअर नेहमी सर्वात वरचा घालावा. पहिल्या गिअरमध्ये क्रँकवरचा जोर चाकापर्यंत जाताना कितीतरी पटींनी वाढतो आणि चाकच सरकू पाहते. वरच्या गिअरमध्ये हा गुणाकार लहान असल्याने ब्रेक सहज धरतात. तरीही लहान गाड्यांत ही युक्ती फसते, आणि त्याचे कारण ब्रेक नसून क्लच असतो. मारुती ८०० च्या इंजिनाचा जोरच मुळी ६० न्यूटन-मीटरच्या आसपास. तिचा क्लच त्याच्या दीडपट-दुप्पट जोर पेलेल एवढाच बनवलेला असतो. बोल्टाला २०० चा जोर लागला की क्लच घसरतो, क्रँक फिरते, आणि ब्रेकवर बसलेला पोरगा उगाच बोलणी खातो. ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांत तर ही पद्धत लागूच पडत नाही.

दुसरी पद्धत फ्लायव्हील धरण्याची. स्टार्टर काढून किंवा खालचे झाकण उघडून दात्यांत अडकणारे लॉक बसवता येते. ते त्या गाडीसाठी बनवलेले आणि बोल्टाने पक्के केलेले असावे. पेचकस किंवा छिन्नी दात्यांत खुपसून जोर लावणे मात्र महाग पडते. दाता तुटला तर रिंग बदला, आणि बीडाचे किंवा अॅल्युमिनियमचे घर तडकले तर गिअरबॉक्स उतरवा!

तिसरी पद्धत स्पार्क प्लगच्या भोकातून दोरी भरून पिस्टन अडवण्याची. दुचाकीच्या कामात ती चालून जाते. मोटारीत त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत याची खात्री नसेल तर व्हॉल्व्ह वाकतो. जो बोल्ट सोडवायला ३०० चा जोर लागणार आहे, तो जोर पिस्टनवर टाकू नये, असे आमचे मत आहे.

पट्टीचे हत्यार गावातच बनते

चौथी आणि सर्वात भरवशाची पद्धत म्हणजे पुलीलाच आतल्या बाजूने धरणे. अनेक पुल्यांना मधल्या भागात दोन किंवा अधिक आट्याची भोके असतात. ४० ते ५० मिलिमीटर रुंद, ८ ते १० मिलिमीटर जाड आणि सुमारे एक मीटर लांब अशी लोखंडी पट्टी घ्यावी. तिच्या एका टोकाला गोटी आरपार जाईल एवढे मोठे भोक पाडावे आणि त्याच्या दोन बाजूंना पुलीच्या भोकांशी जुळणारी दोन भोके. चांगल्या प्रतीच्या, डोक्यावर ८.८ किंवा त्याहून वरचा आकडा असलेल्या बोल्टांनी पट्टी पुलीला जोडावी. असे हत्यार उमरेडचा कोणताही वेल्डर किंवा लेथवाला भंगारातल्या पट्टीतून एका दुपारी बनवून देईल. होंडाच्या अनेक पुल्यांत मध्ये ५० मिलिमीटरची षटकोनी खाच असते. तिच्यात बसणारे हत्यार तयार मिळते.

पट्टीचे दुसरे टोक ज्या बाजूला फिरू पाहील त्या बाजूला आधीच टेकवून ठेवावे, म्हणजे पोकळी राहत नाही. टेकवायचे ते जमिनीवर किंवा चेसिसच्या मजबूत भागावर. रेडिएटर, एसीची नळी किंवा पत्र्यावर कधीही नव्हे. ३०० न्यूटन-मीटरचा जोर एक मीटरच्या पट्टीच्या टोकाशी जेमतेम ३० किलोंचा भार होऊन उतरतो. म्हणजे एवढी साधी पट्टी जे काम करते, ते ब्रेकवर बसलेल्या माणसाला जमत नाही.

येथे एक इशारा. आजच्या बहुतेक पुल्या दोन भागांच्या असतात. आतला हब आणि बाहेरची खाचांची कडी, आणि दोघांमध्ये इंजिनाचे हादरे शोषणारे रबर. बाहेरच्या कडीला चेन-पाना किंवा जुना बेल्ट गुंडाळून धरले तर सारा जोर रबरावर येतो. रबर आतून सुटते, त्या दिवशी काही कळत नाही, आणि महिन्याभराने पुली डगमगू लागते. मग ग्राहक म्हणतो की यांनीच बिघडवली, आणि त्याचे म्हणणे खोटेही नसते!

जोर कसा लावावा?

गोटी सहा कोनीच वापरावी. बारा कोनी गोटी डोक्याच्या कोपऱ्यांवर धरते आणि तेच कोपरे खाते. गोटी पूर्ण खोल बसली पाहिजे. हँडल जाड, किमान अर्धा इंची आणि शक्य तर पाऊण इंची चौकोनाचे असावे. ३० सेंटिमीटरच्या हँडलने ३०० न्यूटन-मीटर जोर काढायचा तर टोकाला सुमारे १०० किलोंचा भार द्यावा लागतो. त्याच हँडलवर पाइप घालून लांबी एक मीटर केली तर ३० किलोंत भागते. एक्स्टेन्शन जितके लांब आणि बारीक, तितके ते पिळते आणि जोर खाते. नाइलाजाने लांब एक्स्टेन्शन लावावे लागले तर त्याचे बाहेरचे टोक गोटीच्या उंचीच्या स्टँडवर टेकवावे, म्हणजे गोटी तिरपी होत नाही.

गाडी केवळ जॅकवर उभी असताना पाइपवर जोर देऊ नये. आडव्या जोराने जॅक कलंडतो, आणि खाली बहुधा शागीर्द असतो. दोन्ही बाजूंना घोड्या, मागच्या चाकांना दगड किंवा ठोकळे, आणि गाडी हलवून पाहिल्यावरच काम सुरू करावे. जोर लावताना तोंड आणि बोटे पाइपच्या रेषेत नसावीत. बोल्ट सुटतो तेव्हा मोठा आवाज होऊन हँडल एकदम जाते. नवशिक्याला याची कल्पना आधी द्यावी.

हवेची गन का चालते आणि का चालत नाही?

एकसारख्या ओढीचा जोर रबर, एक्स्टेन्शन आणि क्लच यांत मुरतो. गनचे ठोके अगदी क्षणाचे असतात, त्यामुळे क्रँकला फिरायला वेळच मिळत नाही आणि गंजाची पकड सुटते. पण गन चालली नाही म्हणून लगेच गनला दोष देऊ नये. पुष्कळदा कॉम्प्रेसर लहान असतो, हवेचा पाइप बारीक आणि लांब असतो, आणि गन चालू होताच दाब खाली येतो. टाकी पूर्ण भरू द्यावी, पाइप जाड आणि आखूड घ्यावा, आणि गोटी थेट गनवर लावावी. गोटी गनसाठी बनवलेली काळीच हवी. चकचकीत क्रोम गोटी ठोक्यांनी फुटून तिचा तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

गंज सोडवणाऱ्या तेलाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. ते बोल्टाच्या डोक्याभोवती, वॉशरच्या कडेला सोडून रात्रभर ठेवावे, दरम्यान डोक्यावर हातोडीने मधोमध मध्यम ठोके द्यावेत. बैठकीतला गंज त्याने सुटतो. आटे आत खोल असल्याने तेथपर्यंत तेल पोहोचेलच असे नाही, म्हणून केवळ तेलावर भरवसा ठेवू नये.

आगीचा वापर शक्यतो टाळावा. चिकट लॉक लावलेला बोल्ट गरम केल्यावर सुटतो हे खरे, पण जास्त ताकदीच्या लॉकला २५० अंशांपर्यंतची उष्णता लागते. मागे असलेले ऑईल सील आणि पुलीचे रबर त्याच्या कितीतरी आधी जळते. गॅस किटच्या गाड्यांत तर उघडी ज्योत म्हणजे जिवाशी खेळ. गरम करणे भागच असेल तर हीट गनने केवळ बोल्टाचे डोके तापवावे, अग्निशामक जवळ ठेवावा, आणि सील नवे घालण्याचे ठरवूनच करावे.

स्टार्टरची युक्ती करू नये

हँडल चेसिसला टेकवून स्टार्टरचा झटका द्यायचा आणि बोल्ट सोडवायचा, ही युक्ती अनेक गॅरेजांत चालते. बोल्ट सुटतोही. पण हँडल निसटले तर रेडिएटर फाटतो, पाय किंवा मनगट मोडते, आणि इंजिन चुकून चालू झाले तर काय होईल हे सांगायला नको. शिवाय सगळी इंजिने एकाच दिशेने फिरत नाहीत. होंडाची जुनी इंजिने, ज्यांत १९९८ मध्ये भारतात आलेल्या पहिल्या सिटीचे इंजिनही येते, पुलीकडून पाहता घड्याळाच्या उलट फिरतात. तेथे हा झटका बोल्ट सोडवणार नाही, उलट आवळील. पट्टीचे हत्यार हाताशी असताना या जुगाराची गरजच नाही.

डोके गोल झालेच तर त्यावर मोठा नट वेल्ड करता येतो. त्याची उष्णताही गंज सोडवायला मदत करते. मात्र आधी बॅटरीच्या तारा काढाव्यात आणि वेल्डिंगचा अर्थ बोल्टाच्या अगदी जवळ, पुलीच्या हबवरच लावावा. अर्थ दूर बॉडीवर लावला तर विजेचा प्रवाह क्रँकच्या बेअरिंगांतून जाऊन त्यांवर डाग पाडतो.

सोडवणे अर्धे, बसवणे अर्धे

बोल्ट सुटल्यावर बरेच जण सुटकेचा श्वास टाकतात आणि पुढचे काम घाईत उरकतात. खरे नुकसान येथे होते. पुली ओढताना पुलर बाहेरच्या कडीला लावू नये, हबच्या भोकांत लावावा. चावी, तिची खाच आणि पुलीची बैठक स्वच्छ करून तपासावी. ज्या बोल्टांना टॉर्क देऊन वर ठरावीक अंश फिरवायचे असतात, ते बहुधा एकदाच वापरायचे असतात, म्हणून तेथे नवाच बोल्ट घालावा. आट्यांना तेल लावायचे की ते कोरडे ठेवायचे, हेही पुस्तकात पाहावे. तेल लावले की त्याच टॉर्कला बोल्ट अधिक ताणला जातो. शेवटचे आवळणे गनने नव्हे, टॉर्क पान्यानेच करावे.

याचे महत्त्व किती, ते जपानच्या माझदा कंपनीच्या एमएक्स-५ या गाडीने दाखवून दिले. १९९० च्या सुमाराच्या या गाड्यांत क्रँकचे नाक आखूड होते. बोल्ट जरा ढिला राहिला की पुली चावीवर हलू लागे, खाच झिजे, टायमिंग सरके आणि गाडीचा जोर कमी होई. पुष्कळ गाड्यांच्या क्रँक त्यापायी निकामी झाल्या. १९९१ मध्ये कंपनीने क्रँकचे नाक लांब आणि बोल्ट मोठा केला. कारखान्याला नवा भाग काढता येतो. उमरेडच्या ग्राहकाला मात्र नवी क्रँक म्हणजे इंजिनच उघडण्याचा खर्च.

धंद्याचा हिशेब

समजा, एका बोल्टापायी दोन माणसांचे चार तास गेले आणि एक गोटी फुटली. ग्राहक या वेळेचे पैसे देत नाही. त्याला फक्त बेल्ट बदललेला दिसतो. महिन्यात असे दोन प्रसंग आले तर दोन माणसांची दिवसभराची मजुरी बुडाली. त्यापेक्षा एक पट्टी, दोन-तीन जाड सहा कोनी गोट्या आणि एक चांगला टॉर्क पाना हे भांडवल लवकर वसूल होते. टॉर्क पाना एकट्याला परवडत नसेल तर शेजारच्या दोन-तीन गॅरेजवाल्यांनी मिळून घ्यावा आणि वापर झाल्यावर त्याची स्प्रिंग ढिली करून पेटीत ठेवावा.

काम घेतानाच ग्राहकाला स्पष्ट सांगावे की बोल्ट जुना आहे, नवा लागेल, सील आणि कदाचित पुलीही बदलावी लागेल. हे कागदावर लिहून त्याची सही घ्यावी. जुना बोल्ट आणि सील त्याच्या हातात द्यावे. ज्याला आधी सांगितले तो नंतर भांडत नाही. आणि शागिर्दाला पाना हातात देण्यापूर्वी क्रँक कशी धरायची हे शिकवावे. जोर तर त्याच्या अंगात आहेच. तो कोठे टेकवायचा, हे उस्तादाने दाखवायचे असते.